बुरशीची पकड: डोळ्यातला उजेड जाण्याआधीचे 120 तास

मे 2021. कोरोनाची दुसरी लाट ओसरू लागली होती आणि त्यातून बरे होऊन घरी परतलेल्या काही माणसांचे चेहरे एका बाजूने सुजू लागले होते. मधुमेही, ऑक्सिजनवर राहून आलेले, स्टेरॉइड घेतलेले असे हे रुग्ण. लोक या रोगाला काळी बुरशी म्हणू लागले. डॉक्टरांच्या भाषेत म्युकरमायकोसिस. देशात सर्वांत जास्त रुग्ण ज्या राज्यांत सापडले, त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात पुढे होते.

खाली दिलेल्या घटनाक्रमातला शेतकरी कुणी एक माणूस नाही. त्या महिन्यात हा रोग ज्या वाटेने गेला, त्या वाटेवरून तो उभा केला आहे. रोगाचा वेग प्रत्येक रुग्णात थोडा कमीजास्त असतो. बुरशीची, तिच्या प्रथिनाची, औषधाची आणि सरकारी आकड्यांची माहिती मात्र जशी आहे तशीच दिली आहे.

120 तास आधी (सोमवार, 17 मे, सकाळी 7)

नांदुरा तालुक्यातलं एक गाव. घाटाखालचा, पूर्णेच्या खोऱ्यातला पट्टा. सकाळी सातलाच ऊन चटका देतं. बावन्न वर्षांचे बाबा कोविड सेंटरमधून चार दिवसांपूर्वी घरी आलेत. रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याला आज बारावा दिवस. मिरगाच्या आत शेणखत वावरात पडलं पाहिजे, म्हणून मुलगा ट्रॉलीत उकिरडा भरतोय. अंगात ताकद नाही, तरी बाबा गोठ्याशी उभं राहून कुटाराचा ढीग हलवतात. धूळ उडते.

त्या धुळीत रायझोपस नावाच्या बुरशीचे बीजाणू आहेत. कुजणारा पाला, शेणखत, ओल लागलेलं कुटार, शिळी भाकरी ही तिची नेहमीची ठिकाणं. आपण सगळेच तिचे बीजाणू नाकावाटे आत घेतो. निरोगी माणसाच्या नाकातला शेंबूड आणि सूक्ष्म केस त्यांना अडवतात. जे पुढे जातात त्यांना पांढऱ्या पेशी संपवतात. रोगाला सुरुवात करणारा बीजाणू कोणत्या श्वासातून आला, हे कधीच सांगता येत नाही. आपण घड्याळ या श्वासापासून लावू.

बाबांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. सेंटरमध्ये दोन दिवस ऑक्सिजन लागला आणि स्टेरॉइड सुरू झालं. ते योग्यच होतं. जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवून दिलं होतं की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांत रोज 6 मिलीग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त 10 दिवस दिलं तर जीव वाचतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा होत नाही, हेही त्याच चाचणीत दिसलं होतं. पण घरी आल्यावर बाबांनी जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या पुन्हा आणल्या. "गोळीनं बरं वाटते" म्हणून. साखर मात्र घरी आल्यापासून एकदाही तपासली नाही. आज बोटाला सुई टोचली असती, तर आकडा 400 च्या पुढे दिसला असता.

घड्याळ थांबवायची पहिली जागा ही होती, आणि तिची किंमत साखर तपासण्याच्या एका स्ट्रिपएवढी होती.

114 तास आधी (सोमवार, दुपारी 1)

नाकाच्या आतल्या ओलसर अस्तरावर बीजाणू पडून आहे. ऊब, ओल आणि साखर मिळाली की तो पाणी शोषून फुगतो आणि काही तासांत त्यातून कोंब फुटतो. या कोंबाला वेळेत मारण्याचं काम न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचं. पण वाढलेल्या साखरेने त्या सुस्त झाल्या आहेत आणि स्टेरॉइडने त्यांचा मारा बोथट केला आहे.

रक्तातल्या लोहाचाही इथे संबंध येतो. एरवी लोह ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाला घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळे जंतूंच्या हाती लागत नाही. मधुमेह बेताबाहेर जाऊन रक्त आम्लधर्मी झालं की ही गाठ सैल होते आणि लोह मोकळं सुटतं. रायझोपसला वाढायला लोह लागतंच. बाबांच्या शरीराने तिला ते मोकळं करून दिलं आहे.

108 तास आधी (सोमवार, संध्याकाळी 7)

आता पकड बसते.

कोंब फुटताना बुरशीच्या अंगावर कॉट-एच3 नावाचं प्रथिन येतं. नाकाच्या अस्तरातल्या पेशींवर आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींवर जीआरपी78 नावाचं आपलं स्वतःचं प्रथिन असतं. हे जीआरपी78 मुळात पेशीच्या आत काम करतं. नव्याने तयार होणाऱ्या प्रथिनांची नीट घडी बसवायला मदत करतं. पेशीवर ताण आला की त्याचं प्रमाण वाढतं आणि त्यातलं काही पेशीच्या पृष्ठभागावर येतं. कॉट-एच3 ला तेच हवं असतं. धुऱ्यावरून चालताना धोतराला गोखरू चिकटावं तशी बुरशी पेशीला चिकटते. पुढचं मात्र गोखरूला जमत नाही: पकड बसल्यावर पेशी स्वतःच बुरशीला आत ओढून घेते.

लॉस एंजेलिसमधल्या अश्रफ इब्राहिम यांच्या संशोधक गटाने हे टप्प्याटप्प्याने उलगडलं. 2010 मध्ये त्यांनी जीआरपी78 ओळखलं, 2014 मध्ये त्याला धरणारं कॉट-एच3. पुरावा म्हणून त्यांनी केलेला एक प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. पाव फुगवणारं साधं यीस्ट रक्तवाहिनीच्या पेशींना काही करत नाही. त्या यीस्टमध्ये कॉट-एच3 चं जनुक घातलं, तर तेच यीस्ट त्या पेशींना धरू लागलं आणि त्यांच्यात शिरू लागलं. उलट, रायझोपसमध्ये हे प्रथिन कमी केलं तेव्हा मधुमेही उंदरांत तिचा मारा कमी झाला.

बाबांसाठी सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण पुढचं आहे. साखर, मोकळं लोह आणि मधुमेहात तयार होणारी कीटोन आम्लं वाढली की आपल्या पेशीवरचं जीआरपी78 वाढतं आणि बुरशीवरचं कॉट-एच3 सुद्धा वाढतं. दोन्ही बाजूंनी पकड घट्ट होते. 2020 मध्ये याच गटाने दाखवलं की नाकात ही जोडी काम करते, तर फुप्फुसात बुरशी कॉट-एच7 हे वेगळं प्रथिन वापरून इंटिग्रिन नावाच्या वेगळ्या प्रथिनाला धरते. साखर, लोह आणि आम्लं मुख्यतः नाकातली पकड वाढवतात. बेताबाहेरचा मधुमेह असलेल्या रुग्णात हा रोग नाक, सायनस आणि डोळा याच वाटेने का जातो, याचं उत्तर त्यात मिळतं.

96 तास आधी (मंगळवार, सकाळी 7)

बाहेरून काहीच दिसत नाही. बाबा चहा पितात, तोंडाला चव नाही म्हणतात. ती तर कोरोनापासूनच नाही.

चिकटण्याची ही क्षमता एकट्या रायझोपसची नाही. तोंडात पांढरे चट्टे आणणाऱ्या कॅन्डिडा अल्बिकन्सकडे एएलएस3 नावाचं प्रथिन आहे. तेही आधी चिकटतं आणि मग पेशीला आपल्याला आत घ्यायला लावतं. अतिदक्षता विभागात पसरणाऱ्या कॅन्डिडा ऑरिसमध्ये 2023 मध्ये एससीएफ1 हे प्रथिन सापडलं. कातडीला आणि प्लास्टिकला चिकटून राहायला ते तिला मदत करतं. बुरशीचा बहुतेक प्रत्येक रोग या चिकटण्यातून सुरू होतो. जी चिकटू शकत नाही, ती श्लेष्म्याबरोबर किंवा शिंकेबरोबर बाहेर पडते.

72 तास आधी (बुधवार, 19 मे, सकाळी 7)

डावी नाकपुडी बंद. गालाचं हाड दुखतंय आणि गालावरून हात फिरवला तर बधिर लागतंय. बाबांना वाटतं सर्दी आहे. वरच्या दाढा ठणकतात, हलल्यासारख्या वाटतात. घरातले म्हणतात, दाताचं दुखणं असेल.

सायनसच्या भिंतीत आता बुरशीचे धागे वाढताहेत आणि ते रक्तवाहिन्यांपर्यंत पोचले आहेत. या वाहिन्यांच्या आतल्या पेशींवरही तेच जीआरपी78 आहे, म्हणून पुन्हा तीच पकड. धागे वाहिनीच्या भिंतीतून आत घुसतात, तिथे गुठळी होते आणि रक्त पुढे जात नाही. सोबत बुरशी म्युकोरिसिन नावाचं विष सोडते. 2021 मध्ये ते ओळखलं गेलं, आणि त्याची घडण एरंडीच्या बीतल्या रायसिन विषाशी जुळते. ते वाहिन्या झिरपत्या करतं आणि भोवतालचं मांस मारतं.

त्याच दिवशी राजस्थानने म्युकरमायकोसिसला साथीचा रोग जाहीर केलं. ही बातमी टीव्हीवर लागली तेव्हा बाबा पलंगावर पडून होते. मधुमेह, नुकताच झालेला कोरोना आणि एका बाजूचा बधिर गाल, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की त्याच दिवशी नाकात दुर्बीण घालून पाहायला हवी. घरात हे कुणाला माहीत नव्हतं, आणि घरी जाताना कुणी सांगितलंही नव्हतं.

48 तास आधी (गुरुवार, 20 मे, सकाळी 7)

डावी पापणी सुजून डोळा अर्धा मिटलाय. नाकातून काळपट, रक्ताळलेला स्राव येतोय. आई म्हणते, "तुमचा डोळा असा काहून सुजला जी? दवाखान्यात चाला."

तालुक्याच्या ठिकाणी गर्दी मोठी आहे. डोळ्यात घालायला थेंब मिळतात, एक प्रतिजैविक मिळतं, दोन दिवसांनी या म्हणतात. त्या आठवड्यात सगळीच यंत्रणा कोरोनात गुंतलेली होती आणि सुजलेले डोळे म्हणजे डोळे येणंच असेल, असं समजण्याची चूक राज्यात अनेक ठिकाणी झाली.

त्याच दिवशी केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवलं: 1897 च्या साथरोग कायद्याखाली या रोगाची नोंद सक्तीची करा.

36 तास आधी (गुरुवार, संध्याकाळी 7)

मुलगा मोबाइलच्या उजेडात बाबांचं तोंड उघडून पाहतो. टाळूवर रुपयाएवढा काळा डाग. बुरशी काळी नसते; रक्त न मिळाल्याने मेलेलं मांस काळं पडतं. म्हणजे हा डाग दिसतो तेव्हा आतल्या रक्तवाहिन्या बंद होऊन बराच वेळ झालेला असतो. आता नजरही दुहेरी झाली आहे, एका माणसाचे दोन दिसतात. डोळा हलवणाऱ्या स्नायूंपर्यंत आणि नसांपर्यंत रोग पोचलाय.

मुलगा गाडी ठरवतो. उजाडल्यावर निघायचं.

24 तास आधी (शुक्रवार, 21 मे, सकाळी 7)

नांदुरा, खामगाव, बाळापूर, अकोला. सत्तरेक किलोमीटरचा रस्ता. बाबा मागच्या सीटवर, डोळ्यावर ओला रुमाल.

अकोल्यात कान-नाक-घशाचे डॉक्टर नाकात दुर्बीण घालतात. मधली हाडाची घडी काळी पडली आहे, चिमट्याने दाबली तरी दुखत नाही, रक्तही येत नाही. तिथला तुकडा काढून काचेवर ठेवतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. रुंद, फितीसारखे, मधे जवळजवळ पडदे नसलेले आणि काटकोनात फुटणारे धागे. या तपासणीला थोडाच वेळ लागतो आणि काच, थेंब आणि सूक्ष्मदर्शक एवढंच सामान लागतं. साखर 412. लघवीत कीटोन.

12 तास आधी (शुक्रवार, संध्याकाळी 7)

औषधाचं नाव ॲम्फोटेरिसिन-बी. बुरशीच्या भिंतीखालच्या पटलात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. हे औषध त्याला धरून पटलाला भोकं पाडतं. मूत्रपिंडाला कमी इजा करणारा त्याचा लिपोसोमल प्रकार दर किलो वजनाला 5 मिलीग्रॅम, रोज द्यावा लागतो. साठ किलोच्या माणसाला दिवसाला 300 मिलीग्रॅम म्हणजे 50 मिलीग्रॅमच्या सहा कुप्या, आणि तेही कित्येक आठवडे. त्या महिन्यात एका कुपीची किंमत 7,000 रुपयांच्या आसपास होती आणि पैसे असूनही ती मिळत नव्हती.

मुलगा फोन करत सुटतो: मामा, मेहुणे, गावचा कंपाउंडर, जिल्ह्यातले पुढारी. एका रात्रीत दोन कुप्या मिळतात. गरज सहांची.

राज्य सरकारने हा आजार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतला होता. या शुक्रवारनंतर सहाच दिवसांनी, 27 मे 2021 रोजी, वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसमध्ये ॲम्फोटेरिसिन-बीच्या इमल्शन प्रकाराचं उत्पादन सुरू झालं आणि किंमत 1,200 रुपये जाहीर झाली. विदर्भातच औषध तयार होऊ लागलं, ही फार मोठी गोष्ट होती. बाबांच्या डोळ्यासाठी मात्र ती सहा दिवस उशिरा आली.

औषध असतं तरी एकट्याने पुरलं नसतं. गुठळीने बंद झालेल्या वाहिनीतून रक्त जात नाही, म्हणजे औषधही जात नाही. मेलेलं मांस शस्त्रक्रियेने काढावंच लागतं. शस्त्रक्रिया सकाळी ठरते, कारण आधी साखर आणि आम्लता आटोक्यात आणायची आहे. इन्सुलिनचं सलाईन सुरू होतं.

4 तास आधी (शनिवार, पहाटे 3)

डावा डोळा आता कोणत्याच दिशेला हलत नाही. खोबणीच्या टोकाला, जिथून नसा मेंदूकडे जातात, तिथे बुरशी पोचली आहे. दृष्टिपटलाला रक्त देणाऱ्या मुख्य धमनीत गुठळी झाली आहे. माकडांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की हा पुरवठा दीड तासापर्यंत थांबला तर दृष्टिपटल सावरतं. चार तास थांबला तर कायमचं मरतं.

0 तास (शनिवार, 22 मे, सकाळी 7)

शस्त्रक्रियेला नेण्याआधी डॉक्टर उजवा डोळा झाकून डाव्या डोळ्यात टॉर्च मारतात. बाहुली आकसत नाही. मुलगा विचारतो, "बाबा, किती बोटं हायेत?"

"लाइट गेली का रे?" बाबा विचारतात.

त्यानंतर

या घटनाक्रमातले बाबा जगले असं धरू. डोळा आणि वरच्या जबड्याचा डावा भाग देऊन. नेत्रतज्ज्ञांनी भारतातल्या 2,826 रुग्णांच्या केलेल्या अभ्यासात 78 टक्के मधुमेही होते आणि 87 टक्के लोकांनी स्टेरॉइड घेतलं होतं. बहुतेकांना त्रास सुरू झाला तो कोरोनाचं निदान झाल्यापासून दहाव्या ते पंधराव्या दिवसात, म्हणजे घरी परतल्यावर, जेव्हा सगळ्यांना वाटत होतं की संकट टळलं. 28 जून 2021 रोजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी देशातले 40,845 रुग्ण आणि 3,129 मृत्यू सांगितले. त्यांपैकी 31,344 जणांचा आजार नाक-डोळा-मेंदू या वाटेचा होता.

हा रोग कोरोनाबरोबर आला नाही आणि त्याच्याबरोबर गेलाही नाही. 1885 मध्ये ऑस्ट्रियात त्याचं पहिलं सविस्तर वर्णन झालं. भारतात कोरोनाच्या आधीही त्याचं प्रमाण श्रीमंत देशांच्या कित्येक पट होतं, कारण आपल्याकडे निदान न झालेला आणि बेताबाहेर गेलेला मधुमेह आहे. रायझोपस पुढच्या मिरगाआधीही उकिरड्यात असणारच.

प्रयोगशाळेत आशेच्या गोष्टी घडताहेत. 2018 मध्ये कॉट-एचच्या जनुकाचे तुकडे रक्तात आणि लघवीत शोधून लवकर निदान करण्याची पद्धत मांडली गेली. 2019 मध्ये कॉट-एच3 ला बांधणाऱ्या प्रतिपिंडांनी उंदरांत बुरशीला पेशीत शिरू दिलं नाही आणि मृत्यू कमी झाले. अशी उपचारपद्धती माणसापर्यंत पोचली, तर बुरशीला तिच्या पहिल्या पकडीवरच रोखता येईल. तिची वाट पाहायलाच हवी.

पण बाबांच्या 120 तासांत पुन्हा पुन्हा कमी पडल्या त्या साध्या गोष्टी. घरी जाणाऱ्या प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या हातात साखर मोजण्याचं यंत्र, स्टेरॉइड कोणत्या तारखेला बंद करायचं हे चिठ्ठीवर लिहिलेलं, गाल बधिर झाला तर त्याच दिवशी या असं आशाताईंनी दारात येऊन सांगितलेलं, आणि तालुक्याच्या दवाखान्यात एक काच, एक थेंब आणि ते पाहायला शिकलेला एक तंत्रज्ञ. म्युकरमायकोसिसमध्ये औषध सुरू व्हायला सहा दिवस उशीर झाला तर मृत्यूचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं, हे 2008 मध्येच माहीत झालं होतं. म्हणून घाटाखालच्या आणि घाटावरच्या प्रत्येक तालुक्यात या चार गोष्टी आजच असायला हव्यात, पुढच्या लाटेची वाट न पाहता. साखर आटोक्यात असलेल्या शरीरात कॉट-एच3 ला धरायला फारसं काही मिळत नाही, आणि तेवढं करणं आपल्या हातात आहे.